छपराखालील मत्स्यहौद हिंवाळ्यांत ऊबदार कसा ठेवावा

पौष महिन्यांत उत्तरेचा वारा सुटला म्हणजे द्राक्षांच्या बागेंत शेकोट्या पेटविणें, भाजीपाल्यास रात्रीं पाणी देणें, वासरांच्या अंगावर गोणपाट घालणें, हीं कामें शेतकऱ्यांस शिकवावीं लागत नाहींत. परंतु गेल्या कांहीं वर्षांत आपल्यापैकीं अनेकांनीं रिकाम्या पडलेल्या गोठ्यांत, कोंबड्यांच्या जुन्या शेडमध्यें किंवा पत्र्याच्या छपराखालीं सिमेंटचे अथवा ताडपत्रीचे हौद करून त्यांत मासे पाळण्यास आरंभ केला आहे. ह्या नव्या जनावराची थंडी मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. वासरूं कुडकुडतें तें दिसतें. मासा कुडकुडत नाहीं. तो खाणें सोडतो, तळाशीं जाऊन स्वस्थ राहतो, आणि चार दिवसांनीं पोट वर करून तरंगतो. तेव्हां कोठें धन्याच्या लक्षांत येतें कीं, छप्पर होतें, भिंती होत्या, पण ऊब नव्हती.

आपल्या दख्खनच्या पठारावर थंडी ती कितीशी, असें कोणी म्हणेल. निफाडच्या बाजूस पारा पांच अंशांच्या खालीं उतरल्याची नोंद एकाहून अधिक हिंवाळ्यांत झालेली आहे, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजीं खुद्द नागपुरास तो ३.५ अंशांपर्यंत आला होता. (ह्या लेखांत सर्व अंश सेल्सिअसचे समजावे.) अशा रात्रीं पत्र्याखालील उथळ हौद किती निवतो हें ज्यानें पहाटे हात घालून पाहिलें असेल त्यास अधिक सांगणें नको.

ह्या विषयावर आम्हांस बहुतेक एकच प्रश्न विचारण्यांत येतो. तो हा कीं, "हौद तापविण्यास किती शक्तीचा हीटर घ्यावा?" आमचें उत्तर असें कीं, हा प्रश्न शेवटचा आहे, तो पहिला विचारल्यानें पैसा जातो. महसूल खात्यांत जन्म घालविल्यामुळें प्रत्येक गोष्ट जमा आणि खर्च अशा दोन बाजूंनीं पाहण्याची आम्हांस संवय आहे. उष्णतेचा व्यवहारही असाच आहे. खर्चास आळा न घालतां जमा वाढवूं गेल्यास शिल्लक कधींच राहत नाहीं.

कोणत्या माशास किती ऊब लागते

माशाच्या अंगास स्वतःची ऊब नसते. पाण्याचें जें उष्णतामान तेंच त्याच्या शरीराचें. म्हणून पाणी थंड झालें कीं त्याचें पचन, वाढ आणि रोगाशीं झगडण्याची शक्ति हीं सर्व एकदमच मंदावतात. परंतु सर्व जाती सारख्या नाजूक नाहींत, हें आधीं ध्यानांत घ्यावें.

कटला, रोहू व मृगळ हे २५ ते ३० अंशांच्या दरम्यान चांगले वाढतात. पाणी २० अंशांखालीं गेलें कीं त्यांचें खाणें कमी होतें, व १८ च्या खालीं फारच मंदावतें. तथापि आपल्याकडील थंडीनें ते सहसा मरत नाहींत. चिलापी १६ अंशांच्या सुमारास खाणें सोडते, व १० ते १२ अंशांवर दगावते. पंगस सर्वांत नाजूक. वीस अंशांखालीं तो आजारी पडूं लागतो, व पाणी १५ च्या आसपास आलें तर मोठ्या नुकसानीचें भय असतें. उलट सायप्रिनस हा मूळचा थंड मुलुखाचा. गोल्डफिश त्याचाच नातलग, आणि रंगीत कोई तर सायप्रिनसचीच पाळींव जात. ह्यांस आपला हिंवाळा मुळींच जड जात नाहीं.

ह्यावरून पहिला निर्णय निघतो तो असा. ज्यांच्या हौदांत सायप्रिनस आहे त्यांनीं तापविण्याच्या भानगडींत पडूं नये. ज्यांच्याजवळ विक्रीयोग्य झालेला पंगस आहे त्यांनीं तो दिवाळीच्या आंतबाहेर विकून हौद मोकळा करावा. दोन महिने ऊब विकत घेऊन तोच मासा पाळण्यांत क्वचितच फायदा राहतो. राहतां राहिले तें मत्स्यबीज, अंड्यांवर येणारे जनक मासे, आणि रंगीत माशांच्या नाजूक जाती. ह्यांचें पाणी थोडें व मोल अधिक, म्हणून ऊब राखणें येथें शोभतें. पुढील विवेचन मुख्यतः अशांकरितां आहे.

उष्णतेचें माप

हिशोब करण्यास माप हवें. एक लिटर पाणी एक अंश तापविण्यास जी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. विजेच्या एका युनिटापासून अशा ८६० किलोकॅलरी मिळतात. एवढीं दोन मापें पाठ असलीं म्हणजे पुढील सर्व हिशोब पाटीवर करतां येतो.

उदाहरणार्थ, दहा फूट लांब, आठ फूट रुंद असा एक हौद घ्या व त्यांत चार फूट पाणी आहे असें धरा. हें ३२० घनफूट झालें. एका घनफुटास सुमारें २८.३ लिटर, म्हणजे ठोकळ मानानें नऊ हजार लिटर पाणी. तें एक अंश तापविण्यास नऊ हजार किलोकॅलरी, अर्थात् साडेदहा युनिटें वीज लागेल. हेंच पाणी १८ वरून २४ अंशांवर न्यावयाचें तर ६३ युनिटें. आणि ही एकदांचीच आकारणी आहे. तेथें टिकवून धरण्याचा रोजचा खर्च निराळा.

रोजचा खर्च किती हें काढण्याची रीत फार सोपी आहे. चांगला उष्णतामापक घेऊन सायंकाळीं सूर्यास्तास व पहाटे सूर्योदयास पाण्याचें उष्णतामान एकाच जागीं, हातभर खोलीवर पाहावें. जितके अंश उतरले त्यांस पाण्याच्या लिटरांनीं गुणावें व ८६० नीं भागावें. येईल तितकीं युनिटें त्या रात्रीं हौदानें गमावलीं. ही नोंद आठ दिवस ठेवावी. त्याच वेळीं हवेचें उष्णतामान दुसऱ्या रकान्यांत लिहावें. आठ दिवसांचें हें कोष्टक कोणत्याही दुकानदाराच्या शिफारशीहून अधिक खरें बोलतें.

आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारांनीं पत्र्याच्या शेडमध्यें वरील मापाचाच उघडा हौद बांधून त्यांत बोटाएवढें पंगसाचें बीज सोडलें होतें. पहिल्या हिंवाळ्यांत लागोपाठ दोन कडक रात्रींनीं त्यांतील निम्म्याहून अधिक बीज गेलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं हीटर आणला. मासे वाचले, पण विजेचें देणें पाहून घरांत वाद झाला. तेव्हां आम्हीं त्यांस वरील नोंद ठेवावयास सांगितली. हौद रात्रींतून दोन अंश उतरत होता. म्हणजे अठरा हजार किलोकॅलरी, अथवा २१ युनिटें. युनिटास आठ रुपये धरले तर रात्रीं १६८ रुपये, आणि साठ रात्रींचे दहा हजार ऐंशी रुपये. ही उष्णता जात कोठून होती, हें पाहूं.

खर्चाची बाजू

उन्हाळ्यांत माठांतील पाणी गार कां होतें हें सर्वांस ठाऊक आहे. माठाच्या अंगावर पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडतें, व उडतांना आंतील पाण्याची उष्णता घेऊन जातें. उघडा हौद हा असाच एक मोठा माठ समजावा. एक लिटर पाणी उडून जातांना सुमारें ५८५ किलोकॅलरी नेतें. आपल्या चार फूट खोलीच्या हौदांतून केवळ एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पाणी उडालें तर सबंध हौद दीड अंशानें थंड होतो. एक सूत पाणी कमी झालेलें कोणाच्याही नजरेस येत नाहीं; परंतु उष्णतेच्या खात्यांतील मोठी चोरी ती हीच होय. ह्याखेरीज पाण्याचा उघडा पृष्ठभाग वरील थंड पत्र्याकडे व हवेकडेही उष्णता टाकीत असतो.

सबब पहिलें काम झांकण. बांबूच्या चौकटीवर जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद दोन्ही बाजूंनीं ताणून बसवावा, म्हणजे दोन कागदांमध्यें बोटभर हवा कोंडली जाते. ही कोंडलेली हवाच खरी रजई होय. चौकट पाण्यापासून वीतभर उंच असावी, व तिचे दोन भाग असावे म्हणजे खाद्य घालण्यास एक उचलतां येतो. हौदाच्या एका कोपऱ्यांत हातभर जागा उघडी ठेवावी. पाण्यांतील दूषित वायु निघून जाण्यास ती हवीच. सूर्यास्तापूर्वीं ह्या चौकटीवर गोणपाट, जुनीं घोंगडीं अथवा कडब्याच्या चटया घालाव्या, व ऊन वर आल्यावर त्या काढाव्या.

कांहीं जण पाण्यावर थर्माकोलच्या पाट्या तरंगत ठेवितात. त्यांचा उपयोग होतो. मात्र मासे त्यांचे कण टोंचून खातात, म्हणून पाटी प्लॅस्टिकमध्यें पक्की गुंडाळलेली असावी.

दुसरें काम भिंतींचें. विटांची वा सिमेंटची उघडी भिंत उष्णता सहज बाहेर सोडते. हौदाभोंवतीं फूटभर अंतरावर तट्ट्या उभ्या करून मधल्या पोकळींत भाताचा तूस, सोयाबीनचा भुसा किंवा उंसाचें पाचट दाबून भरावें. हें भरण कोरडें राहिलें पाहिजे. भिजलेला भुसा थंडी अडवीत नाहीं, उलट कुजतो. म्हणून आंतून प्लॅस्टिकचा कागद लावावा. उंदीर व त्यांच्यामागें येणारा साप ह्यांवर नजर ठेवावी, आणि विजेची तार ह्या भुशाजवळून कदापि नेऊं नये. नवा हौद बांधणारांनीं तो निम्मा जमिनींत घ्यावा. चार हात खोल माती हिंवाळ्यांतही फारशी निवत नाहीं, व ती फुकटची भिंत होते.

तिसरें काम छप्पर व वारा. पत्रा रात्रीं मोकळ्या आभाळाखालीं हवेहूनही थंड होतो, आणि त्यावर जमलेलें दंव थेंबथेंब हौदांत पडतें. पत्र्याखालीं बांबूची तट्टी अथवा शेडनेटचा दुहेरी पडदा बांधावा. उत्तरेकडील व पूर्वेकडील फटी गोणपाटानें बुजवाव्या. हवा सोडणारें यंत्र बाहेरील थंड हवा ओढून पाण्यांत सोडीत असेल तर त्याचें तोंड शेडच्या आंत घ्यावें. बुडबुड्यांची ती हवा रात्रभर पाणी निववीत असते.

वर सांगितलेल्या बागाईतदारांनीं हीं तीन कामें बांबू, गोणपाट व घरचा भुसा यांवर भागविलीं. त्यानंतरच्या हिंवाळ्यांत त्यांचा हौद रात्रींतून अर्धा अंश उतरूं लागला. अर्धा अंश म्हणजे साडेचार हजार किलोकॅलरी, अथवा सवापांच युनिटें. रात्रींचे ४२ रुपये, साठ रात्रींचे २,५२० रुपये. हीटर तोच, मासे तेच, थंडीही तशीच. खर्च मात्र चौथाईवर आला.

जमेची बाजू

खर्च आंवरल्यावर जमेकडे पाहावें. आपल्या प्रांतावर निसर्गाची एक कृपा आहे. येथील हिंवाळी रात्र थंड असली तरी दुपार उबदार असते. मात्र त्या दुपारची हवा कोरडी असते, व उघड्या पाण्यावरून ती वाहूं लागली तर पाणी उडवून तें उलट निववते. म्हणून दुपारीं शेडचीं दारें उघडावीं, ऊब आंत घ्यावी. पण हौदावरील पारदर्शक झांकण काढूं नये. छपराच्या दक्षिण बाजूचे कांहीं पत्रे काढून त्या जागीं प्रकाश आंत सोडणारे पत्रे घातल्यास हिंवाळ्यांतील तिरपें ऊन थेट हौदावर येतें. उन्हाळ्यांत मात्र ते झांकून टाकावे. नाहींतर पाणी शेवाळतें व फाजील तापतें.

दुसरी आणि त्याहून मोठी जमा विहिरीची. थंडीच्या दिवसांत पहाटे मोटर सुरू केली कीं पाटाच्या पाण्यांतून वाफ निघतांना आपण सर्वांनीं पाहिली आहे. खोल विहिरीचें व बोअरचें पाणी बारमाही जवळ जवळ एकाच उष्णतामानाचें असतें, आणि तें त्या ठिकाणच्या वर्षाच्या सरासरीच्या आसपास असतें. आपल्या पठारावर तें बहुधा २५ अंशांच्या सुमारास भरतें. प्रत्येकानें आपल्या विहिरीचें मोजून पाहावें.

आतां हिशोब करा. हौदांत नऊ हजार लिटर पाणी १८ अंशांवर आहे. त्यांतील दीड हजार लिटर काढून टाकून तितकेंच २५ अंशांचें विहिरीचें पाणी घातलें, तर प्रत्येक लिटरामागें सात अंश, म्हणजे साडेदहा हजार किलोकॅलरी आंत आल्या. हौद एक अंशाहून किंचित् अधिक चढला. विजेनें हेंच करावयास १२ युनिटें लागलीं असतीं. उलट दीड हजार लिटर पाणी शंभर फुटांवरून वर आणण्यास मोटरीस सुमारें तिसरा हिस्सा युनिट पुरतें. बारा युनिटांचें काम पाव-अर्ध्या युनिटांत करणारें दुसरें साधन आमच्या पाहण्यांत नाहीं. शिवाय काढलेलें मैलें पाणी पिकास खतावह असतें, तें पाटांत सोडतां येतें.

ह्यांत दोन पथ्यें पाळावीं. खोल भूगर्भांतील पाण्यांत प्राणवायु अल्प असतो, व कधीं कधीं दूषित वायु विरघळलेले असतात. म्हणून तें थेट न सोडतां भोंकें पाडलेल्या पत्र्यावरून किंवा पाटीवरून शिंपडत पाडावें. आणि तें हळू हळू सोडावें. थंडीनें जितके मासे मरतात त्यांहून उष्णतामानाच्या आकस्मिक फरकानें मरणारे कमी नसतात. एका तासांत एक अंशाहून अधिक बदल न करणें हा सुरक्षित नियम होय.

विकतची उष्णता

एवढें करूनही जी तूट राहील तीच विकत घ्यावी. आतां हीटर केवढा, ह्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर आपोआप मिळतें. बारा तासांत सवापांच युनिटें जात असतील तर ताशीं अर्ध्या युनिटाहून कमी, म्हणजे पांचशें वॅटचा हीटर पुरतो. अधिक कडक रात्रींकरितां दुप्पट सोय ठेवावी. पण एक हजार वॅटचा एक घेण्यापेक्षां पांचशेंचे दोन घ्यावे. एक बिघडला तर दुसरा चालतो, आणि एकाचा आपोआप बंद होणारा खटका अडकला तरी सबंध हौद उकळत नाहीं.

खटका २८ अंशांवर न लावतां २२ वर लावावा. बाहेर १२ अंश असतां २२ चें पाणी दहा अंशांचा फरक धरून असतें, २८ चें पाणी सोळा अंशांचा. आणि उष्णता गळण्याचें प्रमाण ह्या फरकावर असतें. सहा अंशांच्या हौसेस दीडपटीहून अधिक खर्च येतो. हिंवाळ्यांत मासा वाढविण्याचा अट्टाहास धरूं नये. तो निरोगी राहिला कीं पुरे.

पाणी आणि वीज यांचा संबंध प्राणाशीं आहे. हीटर पाण्यांत बुडवून चालविण्यासाठींच बनविलेला व अर्थिंगची तार असलेला असावा. न्हाणीघरांतील बादलींत टाकावयाचा रॉड वापरूं नये. गळतीची वीज ओळखून तत्काळ प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा खटका जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावा. हौदांत हात घालण्यापूर्वीं वीज बंद करावी. ही गोष्ट घरांतील मुलांस व गड्यांस पुन्हां पुन्हां सांगावी.

छपरावर सूर्यशक्तीचा बंब असल्यास त्याचाही उपयोग आहे. दोनशें लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलें तर आठ हजार किलोकॅलरी मिळतात, म्हणजे आपला हौद जवळ जवळ एक अंश चढतो. मात्र तें कढत पाणी हौदांत ओतूं नये. तें प्लॅस्टिकच्या नळीच्या वेटोळ्यांतून हौदाच्या तळाशीं फिरवावें. नळी तांब्याची नसावी व जस्ताचा मुलामा दिलेलीही नसावी. हे दोन्ही धातु पाण्यांत उतरले तर माशांस विष होतात. गोबर वायूच्या एका घनमीटरापासून सुमारें पांच हजार किलोकॅलरी मिळतात, व त्यांतील निम्म्या पाण्यांत उतरल्या तरी पुष्कळ झाल्या. त्याची चूल शेडच्या बाहेर असावी, आणि तापलेलें पाणी तसेंच नळीनें फिरवावें.

बंद शेडमध्यें कोळशाची शेगडी किंवा लांकडाची धुनी मात्र कोणत्याही परिस्थितींत ठेवूं नये. तिच्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूस वास नाहीं, रंग नाहीं. रात्रीं राखणीस निजलेला गडी सकाळीं उठत नाहीं. शिवाय शेगडी हवा तापविते, पाणी नव्हे. बागेंतील शेकोटी उघड्यावर असते. तिचें अनुकरण येथें लागू नाहीं.

ऊब वाढली म्हणजे आणखी काय वाढतें

पाणी तापविलें म्हणजे काम झालें असें नव्हे. थंड पाण्यांत प्राणवायु अधिक मावतो, ऊन पाण्यांत कमी. पंधरा अंशांस एका लिटरांत सुमारें दहा मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो, तीस अंशांस साडेसात. उलट पाणी दहा अंश चढलें कीं माशाची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. म्हणजे पुरवठा घटतो व मागणी वाढते. तापविलेल्या हौदांत हवा सोडणें हें म्हणून अधिकच अगत्याचें आहे, व झांकण घातलेल्या हौदांत तर विशेष.

तीच गोष्ट अमोनियाची. माशांच्या मळापासून उत्पन्न होणाऱ्या अमोनियाचा जो अंश खरोखर विषारी असतो, तो १५ वरून २५ अंशांवर गेल्यास जवळ जवळ दुप्पट होतो. हा अमोनिया पचविणारे सूक्ष्म जंतु थंडींत मंद असतात, व ऊब आल्यावर त्यांस जागे होण्यास दिवस लागतात. म्हणून थंड हौद एकदम तापवून लागलीच पोटभर खाद्य घालूं नये. खाद्य दुपारीं, पाणी सर्वांत उबदार असतां, एकदांच द्यावें; अर्ध्या घटकेंत जेवढें संपेल तेवढेंच. उरलेलें खाद्य म्हणजे उद्यांचा अमोनिया.

थंडीनें अशक्त झालेल्या माशांच्या अंगावर कापसासारखी बुरशी येते, किंवा तांबडे व्रण दिसूं लागतात. तांबड्या व्रणांचा सांथीचा रोग भारतांत १९८८ सालीं प्रथम आढळला, आणि तो थंडीच्या महिन्यांतच विशेष पसरतो. असें चिन्ह दिसतांच तो हौद वेगळा समजावा, त्याचें जाळें व बादली दुसऱ्या हौदास लावूं नये, आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांस मासा दाखवावा.

वीज गेल्यास

ज्या गांवीं शेतीची वीज पाळीपाळीनें येते तेथें हा प्रश्न रोजचाच आहे. येथेंही हिशोब मनुष्यास धीर देतो. चांगला झांकलेला हौद सबंध रात्रींत अर्धा अंश उतरतो. म्हणजे हीटर एक रात्र बंद पडला तरी मासे मरत नाहींत. परंतु हवा बंद पडली तर दाट भरलेल्या हौदांत कांहीं तासांतच मासे तोंडें वर करूं लागतात. म्हणून बॅटरी ठेवावयाची ती हवेच्या यंत्रासाठीं, हीटरसाठीं नव्हे. बॅटरीवर पाणी तापविणें म्हणजे चाळणीनें विहीर उपसणें होय.

जपानांतील नीगाता प्रांताच्या डोंगराळ भागांत, यामाकोशी येथें, रंगीत कोई माशांचे पिढीजात पाळक आहेत. तेथें हिंवाळ्यांत बर्फाचे ढीग पडतात, म्हणून शरद ऋतूंतच डोंगरांवरील मातीच्या तळ्यांतून मासे काढून ते छपराखालील हौदांत आणतात. २३ ऑक्टोबर २००४ रोजीं तेथें मोठा भूकंप झाला. वीज गेली, पाणी गेलें, रस्ते तुटले, आणि पाळकांचे पुष्कळ मासे हातचे गेले. भूकंपावर मनुष्याचा इलाज चालत नाहीं. परंतु छपराखालीं आणलेला मासा हा नदींतला राहत नाहीं, तो सर्वस्वीं आपल्या तारेवर व नळावर जगतो, एवढें त्यावरून समजून घ्यावें. आपल्याकडे भूकंप नको, रोहित्र जळलें तरी पुरे.

आतां काय करावें

दसऱ्यानंतर उष्णतामापक व एक वही आणावी. दिवाळीपूर्वीं झांकणाच्या चौकटी, भुसा व गोणपाट तयार ठेवावें, आणि विकावयाचा मासा विकून टाकावा. पाणी २२ अंशांखालीं जाऊं लागलें कीं रात्रीं झांकण व दुपारीं विहिरीचें पाणी सुरू करावें. ह्यानंतर आठ रात्रींची नोंद पाहूनच हीटर घेण्याचा विचार करावा. अनेकांस तो घेण्याची गरजच उरणार नाहीं, असें आमचें अनुमान आहे. ज्यांस घ्यावा लागेल त्यांस तो लहान पुरेल.

विकत घेतलेली उष्णता एका रात्रींत उडून जाते. राखलेली उष्णता दुसऱ्या दिवशीं पुन्हां कामास येते. ज्या वाचकांनीं यंदा अशी नोंद ठेविली असेल त्यांनीं हौदाचें माप, झांकणाचा प्रकार व पहाटेचे आंकडे संघाच्या पत्त्यावर अवश्य पाठवावे. निरनिराळ्या गांवचे आंकडे एकत्र आले म्हणजे पुढील हिंवाळ्यांत कोणत्या भागांत काय पुरतें हें सर्वांस अधिक निश्चयानें सांगतां येईल.